जेट इंजिनाच्या पात्यांवरील सिरॅमिक लेप वाळूमुळे का खराब होतो?

बेळगावच्या उद्यमबागेतील फाउंड्रीत ज्यांनी वितळलेल्या स्लॅगने (धातूच्या मळीने) खाल्लेले भट्टीचे अस्तर पाहिले आहे, त्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. हवेबरोबर इंजिनात शिरलेली बारीक वाळू व धूळ सुमारे १२०० ते १२५० अंश सेल्सिअसला वितळते, आणि कॅल्शियम, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम व सिलिकॉन यांच्या ऑक्साइडांचा तो काचेसारखा रस लेपाच्या सूक्ष्म फटींत झिरपून, लेपाचा मुख्य घटक असलेल्या झिर्कोनियाला (झिर्कोनियम ऑक्साइडला) स्थिर ठेवणारे यिट्रिया (यिट्रियम ऑक्साइड) विरघळवतो. परिणामी थंड होताना झिर्कोनियाची स्फटिकरचना बदलते व आकारमान सुमारे ४ टक्के वाढते. माझ्या मते त्याहून घातक बाब म्हणजे फटींत गोठलेल्या काचेमुळे लेप ताठर होतो आणि तापण्या-निवण्याच्या प्रत्येक फेऱ्यात त्याचे पापुद्रे सुटू लागतात. गॅडोलिनियम झिर्कोनेट हे लेपाचे दुसरे साहित्य मात्र त्या रसाशी झटपट अभिक्रिया करून अपेटाइट या खनिजाच्या स्फटिकांनी फटी बुजवते.