तिसऱ्या आठवड्यात तिथे कोण असेल?

प्रिय विद्यार्थिनी,

सप्रेम आशीर्वाद.

तुझा निबंध मिळाला आणि दोनदा वाचून झाला. ॲमेझॉनच्या जंगलात बाहेरच्या जगापासून दूर राहणाऱ्या जमातींशी आपण होऊन संपर्क साधावा की साधू नये, या वादावर तू बावीस पाने लिहिली आहेस आणि अखेरीस ‘साधावा’ असा कौल दिला आहेस. कौल पटला नाही म्हणून मी हे पत्र लिहितो आहे, असे समजू नकोस. त्या बाजूने बोलणारी माणसे विचारी आहेत आणि त्यांचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. माझी तक्रार वेगळी आहे. तुझ्या निबंधात संपर्क हा एका दिवसाचा प्रसंग आहे: नदीकाठी दोन माणसे समोरासमोर येतात, भेटवस्तू दिली जाते, एक हसतो, दुसरा हसतो आणि परिच्छेद संपतो. चाळीस वर्षे हा विषय शिकवताना मला मात्र त्या दिवसाबद्दल फारसे कुतूहल कधी वाटले नाही. तिसऱ्या आठवड्यात तिथे कोण असेल आणि तिसऱ्या वर्षी कोण असेल, हे विचारल्याशिवाय या वादात पुढे जाताच येत नाही, असे माझे मत आहे.

आधी शब्दांविषयी. ‘अश्मयुगीन’ हा शब्द तू पाच ठिकाणी वापरला आहेस; तो पाचही ठिकाणी काढून टाक. या जमातींपैकी अनेकांच्या हाती लोखंडी कोयते आहेत, केळीच्या बागा आहेत, आणि त्यांचे आजचे एकाकीपण हे त्यांच्या इतिहासातूनच आले आहे. पेरूतील माद्रे दे दिओस प्रांतातले माश्को पिरो घे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, रबराच्या तेजीच्या काळात, कार्लोस फेर्मीन फित्सकार्राल्द या रबरसम्राटाच्या माणसांनी वरच्या मानू नदीच्या खोऱ्यात कत्तली केल्या, आणि त्यातून जे वाचले ते जंगलात आणखी आत सरकले. म्हणजे ज्यांना आपण ‘संपर्कात न आलेले’ म्हणतो, त्यांच्या पूर्वजांचा आपल्या जगाशी चांगला परिचय झालेला होता, आणि त्या परिचयावरून त्यांनी घेतलेला निर्णय पुढच्या पिढ्यांनी पाळला. ‘त्यांना बाहेरच्या जगाची कल्पना नाही’ हे तुझे वाक्य या एका उदाहरणापुढेही टिकत नाही.

आता पनारा जमातीकडे ये, कारण तुझ्या निबंधात त्यांचा उल्लेख एका ओळीत आटोपला आहे. ब्राझीलमध्ये कुयाबा ते सांतारेम हा महामार्ग आखला गेला तेव्हा तो पनारांच्या मुलखातून जाणार होता. ओर्लांदो आणि क्लाउदियो व्हिलास-बोआस या भावांनी आदिवासींच्या रक्षणासाठी आयुष्य घातले होते, आणि त्यांचा युक्तिवाद साधा होता: आपण आधी पोहोचलो नाही, तर रस्त्याचे मजूर पोहोचतील. त्यांनी जंगलात भांडी, सुऱ्या आणि कोयते टांगून ठेवले, वाट पाहिली, आणि १९७३ साली पनारा सामोरे आले. हेतू निर्मळ होता, माणसे अनुभवी होती, घाई नव्हती. पण रस्ता थांबला नाही. पाठोपाठ आलेल्या सर्दी-खोकल्याने आणि इतर आजारांनी वस्त्याच्या वस्त्या ओस पडल्या, उरलेले लोक रस्त्याच्या कडेला अन्नासाठी हात पसरू लागले, आणि १९७५ साली जेव्हा त्यांना विमानाने शिंगू राखीव क्षेत्रात हलवण्यात आले तेव्हा ते अवघे ७९ होते. वीसेक वर्षांनी त्यांतले काही आपल्या जुन्या मुलखाच्या शिल्लक राहिलेल्या भागात परतले, न्यायालयात गेले, जिंकले, आणि त्यांची संख्या पुन्हा वाढली. तरी त्या दोन वर्षांतल्या मृत्यूंचा हिशेब कोणत्याही निकालाने मिटलेला नाही.

इतकी माणसे का मरतात, हे तू ‘प्रतिकारशक्ती नसल्याने’ अशा दोन शब्दांत सांगितले आहेस. ते खरे आहे, पण अपुरे आहे. आपल्याकडे घरात ताप शिरला तर एकजण आडवा होतो आणि दुसरा त्याला पेज करून देतो. ज्या वस्तीत तो विषाणू पूर्वी कधीच आलेला नाही, तिथे आजी, आई, शिकारी आणि तान्हे मूल एकाच आठवड्यात आडवे होतात. मग पाणी आणायला कोणी नसते, चूल पेटवायला कोणी नसते, आईला दूध येत नाही. काही घाबरून जंगलात पळतात आणि आजार शेजारच्या वस्तीत नेतात. म्हणजे माणसे नुसत्या विषाणूने मरत नाहीत; तहानेने, भुकेने आणि उघड्यावर पडूनही मरतात. ही गोष्ट नीट समजून घे, कारण ती दोन्ही बाजूंनी वापरता येते. संपर्क किती घातक आहे, हे तीतून दिसते. आणि हे मृत्यू अटळ नसून पेज, पाणी, औषध आणि दोन धडधाकट हात वेळेवर मिळाले तर टळू शकतात, हेही तीतूनच दिसते.

किम हिल आणि रॉबर्ट वॉकर या दोन अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञांनी २०१५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात जे मांडले, त्याचा पाया हाच आहे. लाकूडतोडे, सोने काढणारे आणि अमली पदार्थांचे तस्कर जंगलात शिरतच आहेत, तेव्हा नकळत आणि बेबंद संपर्क होण्यापेक्षा वैद्यकीय तयारीनिशी, नियंत्रित संपर्क सरकारांनी स्वतः घडवावा, असे त्यांचे म्हणणे. बाहेरच्या जगाचे दरवाजे बंद असलेला लहानसा गट फार काळ तगत नाही आणि भीती नसती तर यांतले अनेक लोक बाहेर आलेच असते, हाही हिल यांचा मुद्दा आहे. तू त्यांचा निष्कर्ष उचललास आणि अट मागे ठेवलीस. त्यांच्या युक्तिवादातला सगळा भार ‘तयारीनिशी’ या शब्दावर आहे, आणि ती तयारी म्हणजे भेटीपूर्वी लसी टोचलेले आणि विलगीकरणात राहिलेले पथक, भाषा जाणणारे दुभाषे, आणि साथ ओसरेपर्यंत तिथून न हलणारे डॉक्टर.

असे कधी जमले आहे का? एकदा बऱ्यापैकी जमले. जून २०१४ मध्ये ब्राझीलच्या आक्रे राज्यात, एन्वीरा नदीकाठच्या सिंपाचिया या आशानिंका आदिवासींच्या वस्तीजवळ काही तरुण आपण होऊन बाहेर आले. पुढे ते सापानावा म्हणून ओळखले गेले. त्यांनी केळी घेतली, कुऱ्हाडी घेतल्या, कपडे उचलले, आणि थोड्याच दिवसांत त्यांतल्या सात जणांना फ्लू झाला. डॉक्टर पोहोचले, पानो कुळातली भाषा बोलणारे दुभाषे होते, उपचार झाले आणि सातही जण वाचले. पण जवळच शिनाने नदीवर सरकारचा जो संरक्षण तळ होता, तो २०११ साली सशस्त्र तस्करांच्या हल्ल्यानंतर ओस पडला होता. आपल्या लोकांवर वरच्या अंगाला हल्ले झाले, असे या तरुणांनी दुभाष्यांना सांगितले. तळ चालू असता तर ते बाहेर आलेच नसते, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. परंतु ज्याला आपण ‘त्यांची इच्छा’ म्हणतो तिच्यामागे कोण बंदूक घेऊन उभा आहे, हे पाहिल्याशिवाय ती इच्छा मोजू नये.

इथे थोडे माझे सांगतो. तिशीत असताना मी भामरागडच्या बाजूला एका लसीकरण पथकाबरोबर गेलो होतो. माडियांना आणि माश्को पिरोंना एका ओळीत बसवू नकोस. माडियांचा बाजाराशी, वनखात्याशी, राजांशी पिढ्यान्‌पिढ्या संबंध आहे. पण दूरच्या पाड्यापर्यंत औषध नेणे म्हणजे काय, ते मी तिथे शिकलो. गोवराची लस दोन ते आठ अंशांत ठेवावी लागते. आमच्याकडे खांद्याला अडकवायची एक बर्फाची पेटी होती, वाटेत दोन नाले लागले, दुसऱ्या नाल्याला पाणी चढलेले होते, आणि आम्ही पाड्यावर पोहोचलो तेव्हा पेटीत कोमट पाणी होते. मुले रांगेत उभी होती. आम्ही पुढच्या पंधरवड्यात परत येऊ असे सांगून निघालो, आणि पुढच्या पंधरवड्यात जीप दुसरीकडे गेली. गेलो ते पाच महिन्यांनी, तेव्हा रांग लागली नाही. त्या पाड्याने आम्हाला जे शिकवले ते माझ्या मनातून जात नाही, आणि तो पाडा तर डांबरी रस्त्यापासून फक्त एका दिवसाच्या वाटेवर होता.

उलट बाजूचेही तू फार स्वस्तात निकाली काढले आहेस. संपर्क न करण्याचे धोरण म्हणजे हात झटकणे, असे तुला वाटते. सिडनी पोसुएलो यांनी स्वतः अनेक संपर्क मोहिमा केल्या होत्या; त्यांचे परिणाम डोळ्यांनी पाहिल्यावर १९८७ साली ब्राझीलच्या आदिवासी खात्याचे, म्हणजे फुनाईचे, धोरण त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलटे फिरवले: खुणांवरून वस्ती शोधायची, तिचा मुलूख राखीव करायचा, सीमेवर चौक्या बसवायच्या आणि आत जायचे नाही. जीव धोक्यात असेल तर अपवाद. १९९६ साली कोरुबो जमातीच्या एका छोट्या गटाशी पोसुएलोंनीच संपर्क केला, कारण तो गट शेजाऱ्यांशी संघर्षात सापडला होता. एकट्या जावारी खोऱ्याचे राखीव क्षेत्र सुमारे ८५,००० चौरस किलोमीटर आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या चौथ्या हिश्श्याहून मोठे, आणि ते नदीतल्या मोजक्या चौक्यांवर राखायचे आहे. याच खोऱ्यात जून २०२२ मध्ये आदिवासी-तज्ज्ञ ब्रुनो परेरा आणि पत्रकार डॉम फिलिप्स यांचा खून झाला. त्याआधी सप्टेंबर २०२० मध्ये ब्राझीलच्याच रोंदोनिया राज्यात फुनाईचे रिएली फ्रांसिस्कातो यांच्या छातीत बाण लागला. ज्या लोकांना वाचवण्यात त्यांची कारकीर्द गेली त्यांचाच तो बाण होता, कारण त्या लोकांना आत येणारा गोरा माणूस रक्षक की लुटारू हे ओळखण्याचे साधन नव्हते. ‘काहीच न करणे’ इतके महाग पडते.

मला स्वतःला या वादात सर्वांत अडचणीचे वाटते ते २०१३ सालचे दृश्य. पेरूतल्या लास पिएद्रास नदीच्या काठी मोंते साल्वादो या यिने आदिवासींच्या वस्तीसमोर शंभराहून अधिक माश्को पिरो येऊन उभे राहिले आणि हाका मारून केळी, दोर आणि कोयते मागू लागले. यिने आणि माश्को पिरो यांच्या भाषा नात्यातल्या, त्यामुळे मागणे कळत होते. शेवटी केळ्यांनी भरलेली एक होडी माणसाविना पलीकडे सोडण्यात आली. आता सांग, हा संपर्क झाला की नाही? नदी ओलांडू देऊ नका, हे आदिवासी संघटनेच्या पहारेकऱ्यांचे म्हणणे बरोबर होते. आणि पलीकडच्या माणसाला ‘नोमोले’, म्हणजे भाऊ, म्हणणाऱ्या यिनेंना केळी नाकारणे जड गेले, तेही बरोबर होते. त्याआधी दोनच वर्षांपूर्वी, २०११ मध्ये, वीसेक वर्षे त्यांना कोयते आणि केळी पुरवणारे शाको फ्लोरेस त्यांच्याच बाणाने मेले होते. कारण कोणालाच ठाऊक नाही. जिनिव्हातल्या (संयुक्त राष्ट्रांच्या) आणि लिमातल्या (पेरू सरकारच्या) कागदांवर ‘संपर्काचा पुढाकार त्यांचा असावा’ असे तत्त्व आहे, आणि ते मला मान्य आहे. पण केळी मागणारा माणूस फ्लूही मागतो आहे का, हे त्या तत्त्वातून कळत नाही. तुझ्या निबंधाचा चौथा भाग या होडीपासून सुरू कर. यिने, आशानिंका, मातिस असे शेजारी त्यात बोलू देत. तुझ्या बावीस पानांत बोलणारे सगळे विद्यापीठातले आहेत.

अंदमानचा परिच्छेद ठेव, पण दुरुस्त कर. सेंटिनलींचा उल्लेख करताना १८८० साली पोर्टमन या इंग्रज अधिकाऱ्याने सहा जणांना पोर्ट ब्लेअरला उचलून नेले, त्यांतले वृद्ध जोडपे मेले आणि चार मुलांना भेटवस्तूंसह परत सोडण्यात आले, हे लिही. जारवांमध्ये १९९९ साली पसरलेली गोवराची साथही लिही, कारण ती कोणा इंग्रज अधिकाऱ्याच्या नव्हे, आपल्याच कारकिर्दीत आली.

आणि तनारू. रोंदोनियातल्या त्या एकट्या माणसाला तू ‘संपर्क न केल्यामुळे एकाकी मेलेला’ म्हटले आहेस. त्याचे लोक जमीन बळकावणाऱ्यांनी मारले होते. तो १९९६ पासून सरकारला माहीत होता. जवळ जाण्याचे प्रयत्न झाले तेव्हा त्याने बाणाने उत्तर दिले, आणि मग लांबून त्याच्या वाटेवर अवजारे आणि बियाणे ठेवली जाऊ लागली. प्रत्येक झोपडीत तो एक अरुंद, खोल खड्डा खणत असे. का, ते त्याने कोणाला सांगितले नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये तो झूल्यात मेलेला आढळला, अंगावर मकाव पोपटाची पिसे पसरलेली होती. त्याच्यासाठी राखलेली सुमारे ८,००० हेक्टर जमीन चारी बाजूंनी गुरांच्या कुरणांनी वेढलेली आहे, आणि तो गेल्याबरोबर कुरणवाल्यांनी तिच्यावर हक्क सांगितला. ते वाक्य बदल, आणि त्या जमिनीच्या खटल्याचे कागद पाहूनच नवा मसुदा पाठव. पोर्तुगीज वाचताना अडलीस तर फोन कर, संध्याकाळी सातनंतर मी मोकळा असतो.

तुझे,
सर