रिमूव्ह दिसलं की लगेच एन्टफेर्नन लिहू नको भावा

हे बघ, इंग्लिश मॅन्युअलचं जर्मन करताना रिमूव्हला सरसकट एन्टफेर्नन (काढून टाकणं) लिहून भागत नाही. आपण मराठीत चप्पल काढ, फोटो काढ, म्हशीची धार काढ सगळीकडं काढच म्हणतो, इंग्लिशमधलं रिमूव्ह पण तसंच, जर्मनला मात्र काय काढायचं आणि कसं ते आधी विचारावं लागतं. एन्टफेर्नन चुकीचं नाही, डाग, कचरा, अडथळा याला चालतं, पण झाकण नुसतं उचलून बाजूला करायचं असेल तर आपनेमन, यादीतलं नाव काढायचं तर श्ट्रायशन.

खरी गोची स्क्रूला होते. मी सुरवातीला शिरोलीच्या एका कारखान्याचं मॅन्युअल केलं, त्यात रिमूव्ह द स्क्रू ला ल्योझन लिहिलं, आणि ल्योझन म्हणजे फक्त ढिला करणं! वाचणारा ढिला करून थांबला तर कव्हर निघणारच नाही, पुरता काढायचा तर हेराउसड्रेयन, म्हणजे फिरवून बाहेर. तेव्हापासून प्रत्येक स्क्रूपाशी मी थांबतोच.

आपल्याकडं फाउंड्रीचं काम लई येतं, म्हणून एन्ट वाली क्रियापदं पाठच कर, कास्टिंगची बर (कडेला राहिलेली धारदार कोर) काढणं एन्टग्राटन, गंज काढणं एन्टरोस्टन, ग्रीस काढणं एन्टफेटन, एका शब्दात काम होतं आणि जर्मन माणसाला तेच ओळखीचं वाटतं. हे एन्ट क्रियापदापासून कधी तुटून वेगळं होत नाही आणि भूतकाळाच्या रूपात जर्मनचा नेहमीचा गे पण लागत नाही, एन्टफेर्न्ट एवढंच.

एक्सक्लूड म्हणजे वगळणं, त्याला आउसश्लीसन, ते मात्र तुटतं, वाक्यात आउस पार शेवटाला जातं. वॉरंटीतून वगळलंय असं असेल तर फोन डेअर गारान्टी आउसगेश्लोसन, तो फोन (von, म्हणजे 'तून', मोबाइल नव्हे) विसरू नको.