डीपीपासून सीटीपर्यंत: नव्या वायरमन पोरासाठी

बाबू, शेतातली डीपी, म्हणजे वीज वाटणारा ट्रान्सफॉर्मर, ११ केव्ही (११ हजार व्होल्ट) खाली आणून ४३३ व्होल्ट देते. आतल्या दोन गुंडाळ्या तारेनं जोडलेल्या नसतात, वीज लोखंडी गाभ्यातल्या चुंबकत्वातून पलीकडे जाते. १०० केव्हीए क्षमतेची डीपी एका फेजला साधारण १३३ अँपिअर देते, ६३ ची ८४. पाच एचपीची मोटर सात-साडेसात घेते. रब्बीत गव्हाच्या पाण्यासाठी सारे एकदम मोटर लावतात, म्हणून जोडणीआधी हा हिशेब कर. ब्रीदरमधली, म्हणजे डीपीत हवा आत-बाहेर जाते त्या डबीतली, निळी सिलिका गुलाबी दिसली तर ओल शोषून ती भरली, हे लगेच कळव.

घरचा स्टॅबिलायझर बहुधा ऑटो ट्रान्सफॉर्मर असतो. एकच गुंडाळी, म्हणून स्वस्त नि हलका. पण येणारी आणि जाणारी लाइन एकमेकींना जोडलेलीच राहते, त्यामुळे शॉकपासून तो वाचवत नाही. त्यासाठी दोन वेगळ्या गुंडाळ्यांचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरच लागतो. शिवाय व्होल्टेज चढवताना स्टॅबिलायझर लाइनमधून जास्त करंट ओढतो. गावभर बसवले की डीपीवरचा व्होल्टेज आणखी पडतो, हे शेतकऱ्याला नीट समजावून सांग.

आता सीटी, म्हणजे करंट ट्रान्सफॉर्मर. मोठा करंट मीटरला झेपेल एवढा, बहुधा ५ अँपिअर, करून देते. चालू लाइनवर तिची सेकंडरी, म्हणजे मीटरकडची गुंडाळी, कधीच उघडी सोडू नकोस. मीटर काढायचा तर आधी सेकंडरीची दोन्ही टोकं एकमेकांना जोडून शॉर्ट कर. उघड्या टोकांवर जीवघेणा व्होल्टेज चढतो, आणि सीटीही जळते. आम्ही नवीन होतो तेव्हा हे कोणी सांगितलं नव्हतं.