वाचकांचे प्रश्न : सांता बार्बराची बंद तेलवाहिनी

प्रश्न : अमेरिकेत कॅलिफोर्नियातील सांता बार्बराच्या किनाऱ्यालगत दहा वर्षे थांबलेले तेल-उत्पादन पुन्हा सुरू करण्यास तेथील रहिवासी विरोध करत आहेत, असे वाचनात आले. प्लॅटफॉर्म समुद्रात आधीपासून उभे आहेत, वाहिनीही पुरलेली आहे, नवे काही बांधायचे नाही. मग विरोध कशासाठी? तेथे समुद्रतळातून तेल निसर्गतःच झिरपते, असेही म्हणतात. शिवाय तो समुद्र केंद्र सरकारच्या ताब्यात असेल, तर स्थानिकांचे ऐकतो कोण?

उत्तर : आपल्या पत्रातील ‘नवे काही बांधायचे नाही’ या वाक्यापाशीच सगळा वाद आहे. होंडो, हार्मनी आणि हेरिटेज या तीन प्लॅटफॉर्मचे तेल लास फ्लोरेस कॅन्यनमधील प्रक्रिया केंद्रात येते आणि तेथून जमिनीत पुरलेल्या वाहिनीने पुढे जाते. ही वाहिनी १९ मे २०१५ रोजी रेफ्युजिओ किनाऱ्याजवळ फुटली. एक लाख गॅलनहून अधिक कच्चे तेल सांडले, महामार्गाखालच्या मोरीतून वाहत काही समुद्रात उतरले आणि मासेमारीसाठी १३८ चौरस मैलांचा पट्टा बंद करावा लागला. फुटण्याचे कारण होते गंज. तेल दाट असल्यामुळे ते गरम ठेवून वाहून नेतात आणि त्यासाठी नळाभोवती उष्णतारोधक आवरण असते. त्या आवरणाखाली ओल शिरली. पोलादाला गंजापासून वाचवण्यासाठी जो सौम्य विद्युतप्रवाह सोडतात, तो त्या आवरणामुळे नळापर्यंत नीट पोहोचत नव्हता. आतून फिरवलेल्या तपासणी यंत्राने झीज दाखवली होती, पण प्रत्यक्षातली झीज तिच्यापेक्षा कितीतरी जास्त निघाली. वाहिनीच्या मालक कंपनीला २०१८ मध्ये ज्यूरीने दोषी ठरवले आणि मच्छीमार व मालमत्ताधारकांच्या दाव्यात २०२२ मध्ये २३ कोटी डॉलरची तडजोड झाली.

तेव्हा रहिवाशांचे म्हणणे साधे आहे : नळ तोच, त्याचे आवरणही तेच. वाहिनीची नवी मालक सेबल ऑफशोअर कंपनी अनेक ठिकाणी खोदून दुरुस्ती केल्याचे सांगते आणि ती कामे झाली, हे कोणी नाकारत नाही. परंतु आवरणाखालच्या गंजाबाबत, वाहिन्यांच्या सुरक्षेवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या फायर मार्शल कार्यालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तिला नियमांतून सवलत दिली. विद्युतप्रवाहाने मिळायचे ते संरक्षण अधिक तपासण्या आणि दुरुस्त्यांनी भरून काढावे, अशी ती व्यवस्था आहे. ‘सवलत’ हा शब्द या गावाला झोंबतो, आणि माझ्या मते तो झोंबणे रास्तच आहे. २८ जानेवारी १९६९ रोजी युनियन ऑइलच्या ‘प्लॅटफॉर्म ए’वरील विहीर उसळली, तेव्हा तिच्या तोंडाशी बसवलेले संरक्षक पोलादी नळकांडे नियमापेक्षा आखूड होते आणि तशी सवलत केंद्रीय खात्यानेच दिलेली होती. त्या गळतीनंतर काही दिवसांतच तेथे ‘गेट ऑइल आउट’ ही नागरिकांची संघटना उभी राहिली. या प्रश्नांची वकिली करणारे एन्व्हायर्नमेंटल डिफेन्स सेंटर १९७७ मध्ये त्याच शहरात स्थापन झाले आणि आजच्या लढ्यातही ते आघाडीवर आहे.

नैसर्गिक झिरप्याची गोष्ट खरी आहे. कोल ऑइल पॉइंटजवळ समुद्रतळातून रोज तेल आणि वायू वर येतात. त्या किनाऱ्यावर अनवाणी चालले तर तळव्यांना डांबर चिकटते आणि ते तेल लावून घासून काढावे लागते. चुमाश आदिवासी याच डांबराने आपल्या फळ्यांच्या होड्यांच्या सांधी बुजवत असत. मात्र जे थेंबाथेंबाने, विस्तीर्ण पाण्यावर आणि वर्षानुवर्षे वर येते, त्याची तुलना काही तासांत एकाच मोरीतून उतरणाऱ्या तेलाशी करणे बरोबर नाही. हा युक्तिवाद करणारेही हे जाणून असावेत.

आता आपला शेवटचा प्रश्न, जो सर्वांत महत्त्वाचा आहे. किनाऱ्यापासून ३ सागरी मैलांपर्यंतचा समुद्र राज्याचा आणि त्यापुढचा केंद्राचा. प्लॅटफॉर्म त्या रेषेपलीकडे आहेत, त्यामुळे त्यांच्यावर स्थानिकांचा हात पोहोचत नाही. पण तेल विकायचे तर ते जमिनीवर आणावे लागते आणि जमिनीवरची वाट काउंटीतून, म्हणजे तेथील जिल्ह्यातून, जाते. कंपन्यांना हे पूर्वीपासून ठाऊक होते. प्लॅटफॉर्मची तेव्हाची मालक एक्सॉन (पुढे एक्सॉनमोबिल) हिने १९८१ पासून १९९४ पर्यंत रेषेच्या जरा पलीकडे एक जहाज नांगरून तेथेच तेलावर प्रक्रिया केली होती. २०१५ नंतर वाहिनी बंद असल्याने एक्सॉनमोबिलने टँकर-ट्रकने तेल नेण्याची परवानगी मागितली, तेव्हा काउंटीच्या पर्यवेक्षक मंडळाने मार्च २०२२ मध्ये ती ३ विरुद्ध २ मतांनी नाकारली. २०२४ मध्ये सेबलने हा सगळा व्यवसाय मुख्यतः एक्सॉनमोबिलच्याच कर्जावर विकत घेतला.

म्हणून तेथील चळवळ मोर्च्यांपेक्षा सुनावण्यांत अधिक दिसते. एकेका वक्त्याला दोन-तीन मिनिटे मिळतात, आणि मच्छीमार, विद्यार्थी व चुमाश यांच्याबरोबरच रोजगाराची वाट पाहणारे तेलकामगारही बोलायला उभे राहतात. एप्रिल २०२५ मध्ये किनारपट्टीवरील कामांना परवाने देणाऱ्या कॅलिफोर्निया कोस्टल कमिशन या राज्य-संस्थेने परवान्याविना काम केल्याबद्दल सेबलला १ कोटी ८० लाख डॉलरचा दंड केला. हे काम काउंटीच्या जुन्या परवान्यांतच बसते, ही निव्वळ दुरुस्ती आहे, असे कंपनीचे म्हणणे. दुरुस्ती कोठे संपते आणि नवा प्रकल्प कोठे सुरू होतो, यावर पुढील कित्येक महिने खल झाला. सप्टेंबरमध्ये राज्याने कायदाच केला की पाच वर्षे वा अधिक काळ बंद राहिलेली अशी वाहिनी सुरू करायची असेल, तर किनारा कायद्याखाली नवा परवाना लागेल. वर्षअखेरीस काउंटी मंडळाने जुने परवाने सेबलच्या नावावर करण्यासही नकार दिला.

एवढे होऊनही डिसेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या वाहिनी-सुरक्षा खात्याने ही वाहिनी आंतरराज्य असल्याचे ठरवून तिची देखरेख राज्याकडून स्वतःकडे घेतली आणि ती सुरू करण्याच्या आराखड्याला मान्यता दिली. वाहिनी सगळी कॅलिफोर्नियातच आहे. पण तिच्यातील तेल रेषेपलीकडच्या केंद्रीय समुद्रातून येते, हा त्यामागील तर्क. पर्यावरण संघटनांनी या निर्णयालाही न्यायालयात आव्हान दिले आहे.