हर्पिस एन्सेफलायटिसनंतर दोन वर्षांनीही एमआरआयमध्ये दोष दिसतो, म्हणजे विषाणू अजून मेंदूत आहे का?

आपल्या वडिलांना दोन वर्षांपूर्वी हर्पिस एन्सेफलायटिस (हर्पिस विषाणूमुळे मेंदूला येणारी सूज) झाला होता, आणि आताच्या एमआरआय अहवालात उजव्या टेम्पोरल लोबमध्ये (मेंदूचा कानाजवळचा भाग) ‘ग्लायोसिस’ व ‘एन्सेफॅलोमलेशिया’ असे लिहिलेले वाचून आजार अजून चालू असल्याची शंका आपल्याला आली आहे. मी रेडिओलॉजिस्ट आहे आणि हे दोन शब्द अहवालांत नेहमी लिहितो. त्यांचा अर्थ चालू संसर्ग असा नसून भरून आलेल्या जखमेचा व्रण असा आहे.

हर्पिस सिम्प्लेक्स विषाणूचा रोख प्रामुख्याने टेम्पोरल लोबच्या आतल्या भागावर, त्यालगत खोल दडलेल्या इन्सुलावर आणि कपाळामागच्या फ्रंटल लोबच्या खालच्या भागावर असतो, तर मेंदूच्या गाभ्यातील बेसल गँग्लिया बहुधा वाचतात. सुरुवातीच्या दिवसांत तो भाग सुजतो आणि फ्लेअर या एमआरआयच्या एका प्रकारच्या चित्रांत पांढरा दिसतो. पुढे मेलेल्या पेशी शरीर हळूहळू काढून टाकते. मऊ पडून झिजलेला किंवा पोकळ झालेला भाग म्हणजे एन्सेफॅलोमलेशिया आणि त्याच्या कडेने आधारपेशींनी धरलेला व्रण म्हणजे ग्लायोसिस. हा व्रणही फ्लेअरवर पांढराच दिसतो, आणि गोंधळ नेमका इथे होतो. सूज जागा व्यापते व शेजारच्या भागांना ढकलते. व्रण मात्र आक्रसतो, त्यामुळे त्या बाजूचे व्हेंट्रिकल (मेंदूतील द्रवाची पोकळी) रुंदावते आणि हिप्पोकॅम्पस (टेम्पोरल लोबमधला नव्या आठवणी घडवणारा भाग) लहान झालेला दिसतो. हे बदल काही महिन्यांत होतात आणि मग कायम राहतात.

वडिलांची स्मृती किती परत येईल, हे व्रणाच्या लांबीरुंदीवरून सांगता येत नाही. तो कोठे आहे आणि एका बाजूला आहे की दोन्ही, याला अधिक महत्त्व आहे. ब्रिटिश संगीतज्ञ क्लाइव्ह वेअरिंग यांना 1985 मध्ये हाच आजार झाला. दोन्ही हिप्पोकॅम्पस गेल्याने नवी आठवण त्यांच्याजवळ काही क्षणांपलीकडे टिकत नसे, तरी पियानो वाजवण्याचे कौशल्य शाबूत राहिले होते. एकाच बाजूची इजा साधारणपणे इतकी विनाशक नसते.

व्रण निष्क्रिय असला तरी तो फिट्सचे उगमस्थान होऊ शकतो, म्हणून फिट्सची गोळी स्वतःहून बंद करू नये. काही रुग्णांत, बहुधा पहिल्या दोन-तीन महिन्यांत, मेंदूतील पेशींवरच्या एनएमडीए रिसेप्टर या संदेश घेणाऱ्या प्रथिनाविरुद्ध शरीराचीच प्रतिपिंडे तयार होऊन वागणूक पुन्हा बिघडते. तेव्हा एमआरआयमध्ये नवे काहीच न दिसण्याची शक्यता असते, त्यामुळे तो ‘जैसे थे’ आहे एवढ्यावर निश्चिंत राहणे मला मान्य नाही.

पहिल्या आजारपणातल्या एमआरआयची सीडी घरात असेल तर ती शोधून नव्या चित्रांसोबत न्यूरॉलॉजिस्टकडे न्यावी. ‘तुलनेसाठी जुनी तपासणी उपलब्ध नाही’ हे वाक्य मला फार वेळा लिहावे लागते.