‘पॉलिटिकल अ‍ॅनालिसिस’चा इम्पॅक्ट फॅक्टर एवढा कसा, आणि नागपूरच्या संशोधकाला त्यातलं काय कामाचं?

तुम्ही विचारलंय: नागपुरात राज्यशास्त्रात पीएच.डी. करते आहे, विषय महापालिकेतलं महिला आरक्षण आणि नगरसेविका. गाईडनी ‘पॉलिटिकल अ‍ॅनालिसिस’ वाचायला सांगितलं, पण उघडलं की समीकरणंच समीकरणं. पद्धतींवरच्या या नियतकालिकाला एवढी सायटेशन्स (इतरांच्या लेखांतले उल्लेख) का मिळतात, त्यात हल्ली कशावर लिहिलं जातं, आणि माझ्या विषयाशी त्याचा काही संबंध आहे का?

मी इथेच नागपुरात पीएच.डी.च्या कोर्सवर्कला संशोधन पद्धती शिकवतो, आणि दरवर्षी कुणी ना कुणी हा प्रश्न घेऊन येतंच. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

‘पॉलिटिकल अ‍ॅनालिसिस’ हे सोसायटी फॉर पॉलिटिकल मेथडॉलॉजी या संस्थेचं नियतकालिक. १९८९ पासून निघतं. आधी वर्षाला एक खंड यायचा, पुढे ते त्रैमासिक झालं. काही वर्षं ऑक्सफर्डकडे होतं, आता केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेस काढते. निवडणुका, पक्ष, संसद हे विषय त्यात उदाहरणापुरते असतात. खरा विषय एवढाच की राजकारणाबद्दल एखादं विधान करायचं तर ते कोणत्या पुराव्यावर आणि कोणत्या हिशोबाने करायचं.

आता इम्पॅक्ट फॅक्टर. २०१३ च्या जर्नल सायटेशन रिपोर्ट्समध्ये (नियतकालिकांना मिळालेल्या उल्लेखांचा वार्षिक अहवाल) राज्यशास्त्राच्या यादीत हे नियतकालिक पहिलं होतं, आकडा ४.६५५. हा आकडा निघतो कसा ते नीट बघा, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच आहे. २०१३ साली जगभरच्या नियतकालिकांत जे छापलं गेलं, त्यात ‘पॉलिटिकल अ‍ॅनालिसिस’च्या २०११ आणि २०१२ या दोनच वर्षांतल्या लेखांचे किती उल्लेख आले ते मोजायचं, आणि त्या दोन वर्षांतल्या लेखांच्या संख्येने भागायचं. बस.

मग २०१२ साली त्यात काय छापलं होतं? वर्षाच्या पहिल्याच अंकात लागोपाठ दोन लेख: इयाकस, किंग आणि पोरो यांचा ‘कोअर्सन्ड एग्झॅक्ट मॅचिंग’वरचा आणि हाइनम्युलर यांचा ‘एन्ट्रॉपी बॅलन्सिंग’वरचा. दोन्ही पद्धती तुलनेचे गट आधी एकमेकांसारखे करून घेण्याच्या. त्याच वर्षी पुढच्या एका अंकात बेरिन्स्की, ह्यूबर आणि लेन्झ यांचा लेख आला. अ‍ॅमेझॉनच्या मेकॅनिकल टर्क या कामाच्या बाजारातून पैसे देऊन लोक गोळा केले, तर त्यांच्यावर केलेले प्रयोग कितपत चालतात, याची तपासणी त्यात आहे. हे तिन्ही लेख नुसते वाचायचे नाहीत, वापरायचे आहेत. पहिल्या दोघांची सॉफ्टवेअर पॅकेजेस होती. अर्थशास्त्रातल्या, सार्वजनिक आरोग्यातल्या, मानसशास्त्रातल्या माणसाने ती वापरली की त्याला लेखाचा उल्लेख करावाच लागतो. वर्षाला मोजके लेख छापणाऱ्या नियतकालिकात असे तीन लेख एका वर्षात पडले, तर सरासरी वर जाणारच.

याची दुसरी बाजूही बघा. ब्रॅम्बोर, क्लार्क आणि गोल्डर यांचा इंटरॅक्शन मॉडेलवरचा (एका गोष्टीचा परिणाम दुसरीवर अवलंबून असतो तेव्हाचा हिशोब) २००६ चा लेख या नियतकालिकातल्या सर्वाधिक वापरल्या गेलेल्या लेखांपैकी एक, आणि आजही रोज कुणीतरी तो सायट करत असतं. २०१३ च्या इम्पॅक्ट फॅक्टरमध्ये त्याचा वाटा किती? शून्य, कारण तो दोन वर्षांच्या खिडकीबाहेरचा. एवढ्यासाठी मी विद्यार्थ्यांना सांगतो की या आकड्यावरून एखाद्या लेखाचं मोल ठरवू नका. तो नियतकालिकाच्या दोन वर्षांच्या पिकाचा हिशोब आहे, आणि त्या पिकातही दोन-तीन लेखच सगळा भार उचलत असतात.

या २००६ च्या लेखाजवळ थोडं थांबू या, कारण तुम्हाला तो लागणार आहे. त्यांचं म्हणणं साधं आहे. ‘अमुकचा परिणाम तमुकवर अवलंबून असतो’ असं विधान करायचं तर रिग्रेशनमध्ये (गोष्टींमधला संबंध आकड्यांत काढण्याच्या पद्धतीत) दोन्ही चलांचा गुणाकार घ्या, पण मूळ चलं गाळू नका. गुणाकाराच्या ओळीपुढे तारा (निकाल निव्वळ योगायोगाचा नसावा अशी खूण) आहे की नाही एवढंच बघून निकाल देऊ नका. दुसऱ्या चलाच्या प्रत्येक किमतीला परिणाम किती आणि त्यात अनिश्चितता किती, ते काढून दाखवा. १९९८ ते २००२ या काळातली तीन आघाडीची नियतकालिकं त्यांनी तपासली, तर त्यातही या चुका सर्रास सापडल्या.

मागे एका विद्यार्थिनीचा कच्चा मसुदा माझ्याकडे आला होता. महिला सरपंच असेल तर ग्रामसभेला बायकांची उपस्थिती वाढते का, आणि गाव तालुक्यापासून किती लांब आहे यावर ते अवलंबून आहे का, असा तिचा प्रश्न. गुणाकाराच्या ओळीपुढे तारा नव्हता, म्हणून तिने ‘अंतराचा संबंध नाही’ असं लिहून टाकलं होतं. आम्ही दोघांनी बसून आलेख काढला. जवळच्या गावांत रेषा शून्याच्या स्पष्ट वर, आणि लांबच्या गावांकडे जाताना तिच्या दोन्ही बाजूंचा अनिश्चिततेचा पट्टा पसरत पसरत एवढा रुंद झाला की त्यावरून काहीच म्हणता येईना. का? तिची यादी काढून मोजली, तर खरोखर लांबची म्हणावी अशी गावं तीनच होती. तिच्या लेखणीतून ‘संबंध नाही’ उतरलं होतं, आणि खरं वाक्य होतं ‘लांबच्या गावांबद्दल माझ्याकडे माहिती नाही’. या दोन वाक्यांत किती फरक आहे! तिने नंतर पुन्हा फिरून लांबची गावं गाठली.

हाच मुद्दा २०१९ मध्ये हाइनम्युलर, मुम्मोलो आणि शू यांनी त्याच नियतकालिकात मोठ्या प्रमाणावर मांडला. पाच आघाडीच्या नियतकालिकांतल्या २२ लेखांमधले ४६ इंटरॅक्शन परिणाम त्यांनी पुन्हा चालवून बघितले. परिणाम सरळ रेषेतच बदलतो हे गृहीतक, आणि प्रत्येक किमतीला पुरेशी उदाहरणं आहेत हे गृहीतक, दोन्ही अनेक ठिकाणी टिकत नव्हती. म्हणजे २००६ च्या लेखाचा उल्लेख करून लोक पुढे जात होते, पण काम पूर्ण होत नव्हतं. सायटेशनचा आकडा एवढंच सांगतो की हत्यार किती हातांतून गेलं. ते नीट चाललं का, हे त्यातून कळत नाही.

संशोधनाचा कल बघायचा असेल तर नुसत्या विषयांच्या याद्या करू नका, अशा जोड्या शोधा. मला या नियतकालिकाबद्दल आदर आहे तो यामुळेच. २००७ मध्ये हो, इमाई, किंग आणि स्टुअर्ट यांनी लिहिलं की आधी सारख्याला सारखं जोडून घ्या आणि मग रिग्रेशन करा, म्हणजे निकाल मॉडेलच्या लहरीवर राहणार नाही. हे जोडणं म्हणजेच मॅचिंग, आणि ते घरोघरी पोचलं. २०१९ मध्ये त्याच गॅरी किंग यांनी नील्सन यांच्यासोबत त्याच पानांत दाखवलं की सगळ्यात लोकप्रिय असलेलं प्रॉपेन्सिटी स्कोअर मॅचिंग (एकाच गुणांकावरून जोड्या लावणं) उलट गटांमधला असमतोल वाढवू शकतं. अलीकडची जोडी भाषा मॉडेलची, म्हणजे मजकूर लिहिणाऱ्या एआयची. २०२३ मध्ये आर्गाइल आणि सहकाऱ्यांनी अमेरिकी सर्वेक्षणांतल्या लोकांची पार्श्वभूमी जीपीटी-३ ला देऊन त्याच्याकडून उत्तरं घेतली आणि ती माणसांच्या उत्तरांच्या बरीच जवळ असल्याचं सांगितलं. लगेच २०२४ मध्ये बिसबी आणि सहकाऱ्यांचा लेख आला: सरासरी जुळते, पण माणसामाणसांतला फरक मॉडेलमध्ये आक्रसतो, प्रश्नाचे शब्द बदलले की उत्तर हलतं, आणि काही महिन्यांनी तोच प्रश्न विचारला तर उत्तर वेगळं येतं. कुणी तुम्हाला ‘सर्वे कशाला करता, एआयला विचारा’ म्हणालं, तर हे दोन्ही लेख सोबत ठेवा.

बाकी कल थोडक्यात. २००० नंतरच्या दशकात बेजियन (आधीचा अंदाज नव्या माहितीने सुधारत नेणारी) आणि बहुस्तरीय (माणूस, राज्य असे थर एकत्र धरणारी) मॉडेल्स जोरात होती. राष्ट्रीय जनमत चाचणीतून राज्यवार अंदाज काढायची पद्धत पार्क, गेलमन आणि बाफुमी यांनी २००४ मध्ये इथेच मांडली. मग कार्यकारणाचे प्रश्न आले, २०१४ मध्ये कॉन्जॉइंट प्रयोग (उमेदवारासारख्या पर्यायाचे अनेक गुण एकदम बदलून लोकांची निवड बघणारे) आले, आणि २०१३ च्या ग्रिमर आणि स्ट्युअर्ट यांच्या लेखापासून मजकूर हाच डेटा मानण्याची लाट आली.

त्या लाटेबद्दल एक सावधगिरी, कारण आपण मराठीत काम करतो. मी एकदा शेतीवरच्या मराठी बातम्यांत ‘कापूस’ किती वेळा येतो ते मोजायला घेतलं. आकडा इतका कमी आला की विदर्भातल्या बातम्यांवर विश्वास बसेना. कारण लगेच लक्षात आलं: बातमीत ‘कापूस’ क्वचित, ‘कापसाला भाव’, ‘कापसाची खरेदी’, ‘कापसावर बोंडअळी’ हेच जास्त. ‘कापूस’ शोधला तर ‘कापसाला’ सापडतच नाही, मूळ शब्दच बदललेला असतो. इंग्रजीसाठी बनवलेली पायरी जशीच्या तशी उचलली, तर हिवाळी अधिवेशनातल्या चर्चेतून कापूसच गायब व्हायचा. ग्रिमर आणि स्ट्युअर्ट स्वतःच बजावतात की यंत्राने केलेली मोजणी प्रत्येक वेळी माणसाने तपासून घ्यावी. मराठीत तर ते दुप्पट खरं आहे.

आता तुमचा विषय. तुमच्या कामाचा सगळ्यात जवळचा लेख या नियतकालिकात नाही, तो अमेरिकन पॉलिटिकल सायन्स रिव्ह्यूमध्ये २००९ साली आला. रिखिल भवनानी यांनी मुंबई महापालिकेचे वॉर्ड घेतले. १९९७ ला कोणता वॉर्ड महिलांसाठी राखीव हे सोडतीने ठरलं होतं. २००२ ला ते वॉर्ड खुले झाल्यावर काय झालं ते त्यांनी बघितलं. आधी राखीव असलेल्या वॉर्डात बाई निवडून येण्याची शक्यता, जिथे आरक्षण नव्हतं त्या वॉर्डांच्या साधारण पाचपट निघाली. सोडत हीच इथे प्रयोगाची चिठ्ठी झाली, म्हणून निकालावर विसंबता येतं.

हे नागपूरला करायला गेलात तर पहिली अडचण प्रभागांची. आपल्याकडे २००७ ला एका वॉर्डाचा एक नगरसेवक होता, २०१२ ला दोन सदस्यांचा प्रभाग आला, २०१७ ला बहुतेक ठिकाणी चार सदस्यांचा, एकूण १५१ जागा. दर वेळी हद्दी बदलल्या. शिवाय २०१२ पासून आरक्षण ५० टक्के. चार जागांपैकी दोन महिलांच्या असतील तर ‘आरक्षण नसलेला प्रभाग’ शोधणार कुठे? मुंबईची तुलना इथे जशीच्या तशी बसणार नाही. तुमचा प्रश्न बहुधा बदलावा लागेल: सर्वसाधारण जागेवर बाईला तिकीट मिळतं का, किंवा त्याच प्रभागातून आलेल्या पुरुष आणि महिला सदस्यांच्या सभागृहातल्या कामात फरक पडतो का. चार जण एकाच प्रभागाचे, तेच मतदार, त्याच समस्या. तुलनेसाठी ही चांगली जागा आहे, आणि ती मुंबईत मिळत नाही.

एक गोष्ट तुमच्या विषयाशी जुळते म्हणून सांगतो. डिऑन, समनर आणि मिचेल यांनी २०१८ मध्ये ‘पॉलिटिकल अ‍ॅनालिसिस’मध्येच दाखवलं की महिलांनी लिहिलेल्या संशोधनाचा उल्लेख पुरुषांच्या लेखांत कमी होतो. संदर्भसूची करताना स्वतःची यादी एकदा त्या नजरेने बघा.

आणि कृपा करून ‘आमचा इम्पॅक्ट फॅक्टर ७, पेपर सात दिवसांत छापून देतो’ अशा मेसेजच्या नादी लागू नका. माझ्या ओळखीतल्या एका होतकरू मुलाने असे पैसे भरले आणि मुलाखतीत तो पेपर कुणी विचारातच घेतला नाही. त्याचं वर्ष गेलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

लेख मिळवायला पैसे मोजू नका. १ जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही संशोधन नियतकालिकं वाचायला देणारी केंद्र सरकारची योजना लागू आहे, त्यात केंब्रिजही आहे. तुमचं विद्यापीठ किंवा शासकीय संस्था त्यात असेल, तर ग्रंथपालांना भेटून लॉगिन मागून घ्या. शिवाय या नियतकालिकातल्या लेखांचा डेटा आणि कोड हार्वर्डच्या डेटाव्हर्स या ऑनलाइन संग्रहावर मोफत ठेवलेला असतो. समीकरणांनी घाबरायला होतं ना? मग समीकरण सोडा, २०१९ च्या इंटरॅक्शन लेखाची फाइल उतरवून आर या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये चालवा, एक आकडा बदला आणि आलेख कसा हलतो ते बघा. तसं दोन-चार संध्याकाळी केलंत की तोच लेख परत वाचा.

त्याआधी मात्र २००७, २०१२ आणि २०१७ चे प्रभागांचे नकाशे आणि आरक्षण सोडतीच्या याद्या हातात घ्या. ते मिळायलाच सगळ्यात जास्त वेळ लागतो, तेव्हा अर्ज याच आठवड्यात टाका.