अमेरिका 74 लाख की जर्मनी 40 लाख? ताई, आधी ईएमआय कुठल्या पगारातून जाणार ते बघू

सांगलीच्या एका ताईंनी विचारलंय. मुलगी मेकॅनिकल इंजिनिअर, चाकणला दोन वर्षं जॉब, 32 हजार हातात येतात. दोन ऍडमिट आलेत, एक अमेरिकेतल्या प्रायव्हेट युनिव्हर्सिटीचं एमएस, दोन वर्षांचा खर्च फी-राहणं धरून 82 हजार डॉलर, आणि दुसरं जर्मनीत श्टुटगार्ट युनिव्हर्सिटीचं मास्टर्स. मिस्टर 54 वर्षांचे, कुपवाड एमआयडीसीत नोकरी, 58 ला रिटायर. एफडी आणि म्युच्युअल फंड मिळून 18 लाख, पीएफ 24 लाख, राहतं घर स्वतःचं. धाकटा दहावीत. कन्सल्टंट म्हणतोय अमेरिकाच घ्या, घर तारण ठेवलं की बँक 10 टक्क्यांनी लोन देतेय, कमी पडलं तर पीएफ आहेच.

ताई, त्या "पीएफ आहेच" वर मी नंतर येतो, आधी आकडे.

डॉलर 90 रुपये धरला तर 82 हजार डॉलर म्हणजे जवळपास 74 लाख. तुमचे सगळे 18 लाख घातले तरी 56 लाख लोन. हप्त्याहप्त्याने उचललं तरी कोर्स आणि वरचे सहा महिने यातलं व्याज धरून ते 66 लाखांच्या आसपास जातं, आणि 10 वर्षांत फेडायचं तर महिन्याला 87 हजार, 15 वर्षं घेतली तरी 71 हजार. तिकडे नोकरी लागली तर हे हजार डॉलरच्या आत बसतं, दोन-तीन वर्षं काटकसर केली की बराच भार उतरतो, त्यामुळे अमेरिका वेडेपणा आहे असं मी अजिबात म्हणणार नाही. पण नोकरी नाही लागली आणि पोरगी पुण्याला परत आली तर? एमएस करून आलेल्याला सुरुवातीला 55-60 हजार हातात मिळाले तरी चांगलं म्हणायचं, म्हणजे अख्खा पगार देऊनही ईएमआय भरत नाही. आणि हप्ते सुरू होणार 2029 च्या सुरुवातीला, मिस्टर रिटायर 2030 ला. म्हणजे वरचा भार त्यांच्या पगारावर फार तर वर्षभर, मग पीएफवर, मग घरावर.

कन्सल्टंटने तुम्हाला ओपीटी, म्हणजे डिग्रीनंतर तिकडे काम करायची तात्पुरती परवानगी, सांगितलं असणार, 12 महिने आणि स्टेम (विज्ञान-इंजिनिअरिंगचा विषय) असल्यामुळे वर 24, एकूण तीन वर्षं. ते खरं आहे. पण पुढे एच-वन-बी हा नोकरीचा व्हिसा लागतो, त्याच्या वर्षाला 85 हजारच जागा, आणि आता निवडीत जास्त पगारवाल्यांना झुकतं माप आहे, फ्रेशरचा पगार खालच्या लेव्हलचा, त्यामुळे तीन वर्षांत कर्ज संपवायचं असंच धरून चाला. शिवाय रुपया. 2024 च्या सुरुवातीला डॉलर 83 ला होता, डिसेंबर 2025 मध्ये 90 च्या वर गेला. दुसऱ्या वर्षाची फी तेव्हाच्या भावाने भरायची आहे, आजच्या नाही.

आता जर्मनी, आणि इथेही "जर्मनीत शिक्षण फुकट" हे डोक्यातून काढा. श्टुटगार्ट ज्या राज्यात आहे त्या बाडेन-व्युर्टेंबर्गमध्ये युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना 2017 पासून सेमिस्टरला 1,500 युरो फी आहे. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटला (पैसे आधी भरायचे, तिकडे दरमहा ठरावीकच काढता येतात) वर्षाचे 11,904 युरो दाखवायचे, म्हणजे महिन्याला 992, आणि श्टुटगार्टचं खोलीभाडं बघता त्यातून फार काही उरत नाही. कोर्स कागदावर दोन वर्षांचा, पण अडीच वर्षं लागणारे भरपूर असतात म्हणून मी पाच सेमिस्टर धरतो. युरो 105 ला धरून सगळं मिळून 40 लाख. यातले 8 लाख ती स्वतः कमवू शकते, वर्षाला 140 पूर्ण दिवस काम करायची मुभा आहे आणि 2026 पासून किमान वेतन तासाला 13.90 युरो आहे, महिन्याला 400 युरो जरी सुटले तरी जमतं. तुमचे 14 लाख घाला, 4 लाख घरी हाताशी ठेवा, लोन 18 लाख. तसंच कोर्समधलं व्याज धरून 10 वर्षांत फेडायचं तर ईएमआय साधारण 28 हजार. परत आली तरी पुण्याच्या पगारातून रडतखडत का होईना भरेल, घर जाणार नाही.

पण अडचण इथे वेगळी आहे. कोर्स इंग्लिशमध्ये असला तरी मेकॅनिकलची नोकरी जर्मन भाषेशिवाय अवघड, आणि श्टुटगार्ट म्हणजे बॉश, मर्सिडीज, पोर्शेचं गाव, तिथलं ऑटो सेक्टर सध्या ढिलं आहे, बॉशनेच सप्टेंबर 2025 मध्ये 13 हजार जागा कमी करणार असं जाहीर केलं. डिग्रीनंतर नोकरी शोधायला 18 महिने मिळतात, ते बी-टू लेव्हल जर्मन (नोकरीत बोलता-लिहिता येईल इतपत) असेल तरच नीट कामाला येतात. म्हणून तिला आत्तापासून क्लास लावा, तिकडे गेल्यावर बघू म्हणणारे तिसऱ्या सेमिस्टरला पण ए-टू या सुरुवातीच्या लेव्हलवरच असतात.

माझं मत जर्मनी. अमेरिकेच्या युनिव्हर्सिटीने निम्मी फी माफ केली असती तर मी परत विचार केला असता, एकदा मेल करून स्कॉलरशिप विचारायला काहीच जात नाही. आणि कन्सल्टंटला सरळ विचारा की कुठल्या ऍडमिटवर कमिशन मिळतं, प्रायव्हेट युनिव्हर्सिट्या बऱ्याचदा देतात, जर्मनीतल्या सरकारी सहसा देत नाहीत.

पीएफला हात लावू नका. धाकट्याचं शिक्षण आणि तुमच्या दोघांची पुढची वीस-पंचवीस वर्षं त्या 24 लाखांवर आहेत, लोन पोरीला मिळतं, म्हातारपणाला कुठली बँक देत नाही.

लोनमध्ये मुलगी मुख्य कर्जदार, मिस्टर सहकर्जदार. व्याजावरची आयकरातली सूट आठ वर्षं मिळते पण जुन्या करप्रणालीतच, त्यामुळे फक्त त्यासाठी लोन वाढवू नका. बँकेच्या लोनमधून पैसे पाठवले तर टीसीएस (परदेशी पैसे पाठवताना बँक आधीच कापते तो कर) लागत नाही, स्वतःचे पाठवले तर वर्षाला 10 लाखांच्या वर लागतो, तो रिटर्नमध्ये वळता होतो पण तोवर अडकतो. तुमचे 14 लाख घालायचेत, तर दोन आर्थिक वर्षांत विभागून पाठवा. आणि अमेरिकेच्या ऍडमिटला डिपॉझिट भरायची तारीख जवळ असेल तर ते भरू नका, बहुतेक ठिकाणी ते परत मिळत नाही.